पस्तिशीच्या उंबरठ्यावर नर्सिंगकडे वळताना

पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले आणि पुढे तेथून स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यांत विधवा होत्या, संसाराचा अनुभव घेतलेल्या स्त्रियाही होत्या. म्हणजे मोठ्या वयात या पेशात येणे महाराष्ट्राला नवे नाही. त्या काळी अडसर समाजाचा होता, आज तो नियमांचा आणि पैशांचा आहे, आणि हे दोन्ही अडसर आधी नीट मोजून घेतले तर बरीच दमछाक वाचते.

या वयात नर्सिंगचा विचार करणारी बहुतेक माणसे पहिली चौकशी फीची करतात. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. आधी वय, मग संस्थेची मान्यता आणि शेवटी पैसा असा क्रम ठेवावा, कारण फी कमी करण्याचे पाच-सहा मार्ग निघतात, पण उलटून गेलेल्या वयोमर्यादेवर किंवा मान्यता नसलेल्या प्रमाणपत्रावर कोणताही मार्ग निघत नाही. पुढील मजकूर मुख्यतः महाराष्ट्रातील प्रवेश डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

पहिले काम: वयाचा आणि बारावीचा हिशेब

नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठी आपल्याकडे तीन वाटा आहेत. एएनएम म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून तो फक्त स्त्रियांसाठी आहे. त्यासाठी कला, वाणिज्य किंवा विज्ञान अशी कोणतीही शाखा घेऊन, इंग्रजीसह बारावी उत्तीर्ण असावे लागते. जीएनएम म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसविका हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम स्त्री-पुरुष दोघांसाठी आहे. त्याला बारावीत एकूण आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे किमान ४० टक्के गुण लागतात, विज्ञान शाखेची सक्ती नाही. तिसरी वाट बी.एस्सी. नर्सिंगची. ही पदवी चार वर्षांची, तिला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के गुण हवेत आणि वर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ज्यांची बारावी विज्ञान शाखेतून झाली आहे आणि चार वर्षे कमाईविना काढण्याची ज्यांची ऐपत आहे त्यांनीच हिचा विचार करावा. हाती पैसे बेताचे असलेल्या तिशीपुढील माणसासाठी खरी निवड एएनएम आणि जीएनएम यांच्यातच असते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार एएनएम आणि जीएनएम या दोन्हींसाठी प्रवेशाचे कमाल वय ३५ आहे. हे वय कोणत्या तारखेला मोजायचे हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असते आणि डिसेंबर-जानेवारीत जन्मलेल्यांचे भवितव्य कधी कधी त्या एका ओळीवर ठरते, म्हणून पुस्तिका स्वतः वाचावी; एजंटाच्या किंवा शेजारणीच्या सांगण्यावर विसंबू नये. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा झाला असल्याने नियमांची रचना बदलत्या काळात आहे, हेही पुस्तिका ताजी असावी असे म्हणण्याचे एक कारण.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. नोंदणीकृत एएनएमला जीएनएमच्या प्रवेशासाठी वयाची अट नाही. म्हणजे एखादी बाई चौतिसाव्या वर्षी एएनएमला बसली, दोन वर्षांत उत्तीर्ण होऊन कामाला लागली, थोडे पैसे गाठीशी बांधले आणि चाळिशीत जीएनएम करायचे ठरवले, तर वयामुळे तिला कोणी परत पाठवू शकत नाही. एकदम तीन वर्षांचा खर्च झेपत नसेल तर दोन टप्प्यांची ही शिडी फार उपयोगाची आहे. एकूण वर्षे अधिक लागतात, पण मधल्या काळात पगार मिळतो. जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी., म्हणजे पदविकेनंतरची पदवी, करता येते आणि नोकरी सांभाळून शिकायचे असेल तर सेवेत असलेल्या परिचारिकांसाठी इग्नूचा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रमही आहे.

दुसरी बाजूही पाहावी. शासकीय नोकरी हे ज्यांचे लक्ष्य आहे त्यांनी तिची वयोमर्यादा आजच मांडून घ्यावी. महाराष्ट्र शासनाच्या सरळसेवा भरतीत सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ ही कमाल मर्यादा असते. खुल्या प्रवर्गातील उमेदवार चौतिसाव्या वर्षी जीएनएमला बसला तर तो सदतिसाव्या वर्षी बाहेर पडेल आणि अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्सच्या भरतीसाठी त्याच्या हातात जेमतेम एक वर्ष उरेल. त्या वर्षी जाहिरात निघेलच याची हमी नाही. त्याच वयाची बाई एएनएम करील तर आरोग्य सेविकेच्या पदासाठी तिला दोन वर्षे मिळतील. राखीव प्रवर्गात हे गणित बरेच सैल आहे. खासगी रुग्णालयांत अशी कायद्याने ठरलेली मर्यादा नसते, त्यामुळे ज्यांना सरकारी नोकरी आवाक्यात दिसत नाही त्यांनी फीचा हिशेब खासगी पगार गृहीत धरूनच करावा.

बारावीच झालेली नसेल तर? दहावी उत्तीर्ण असल्यास १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची बारावी खासगीरीत्या देता येते, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत देता येते. परिचर्या परिषद मुक्त विद्यालयाची बारावी ग्राह्य धरते. यात एक वर्ष जाते. ज्याचे वय तेहेतीस आहे त्याने हा फॉर्म या वर्षीच भरावा.

पस्तिशी उलटली असेल तर

हा भाग थोडा कडू आहे. वय ३५ च्या पुढे गेले, हाती एएनएमची नोंदणी नाही आणि तरी कोणी 'एक वर्षात नर्स व्हा', 'घरबसल्या नर्सिंग डिप्लोमा', 'वयाची अट नाही' असे सांगत असेल, तर तेथे पैसे भरू नयेत. अशा अभ्यासक्रमांच्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषद नोंदणी देत नाही, आणि नोंदणी नसलेल्या माणसाला नर्स म्हणून काम करता येत नाही. परिचर्येचा मूळ अभ्यासक्रम पत्राने किंवा रविवारच्या वर्गांनी पूर्ण होतच नाही. तासिकांना ८० टक्के हजेरी आणि प्रमाणपत्रापूर्वी प्रात्यक्षिकाचे १०० टक्के तास भरणे बंधनकारक असते.

या वयात प्रामाणिक पर्याय रुग्णसाहाय्यकाचा आहे. आरोग्य क्षेत्र कौशल्य परिषदेचे 'जनरल ड्युटी असिस्टंट' आणि 'होम हेल्थ एड' हे काही महिन्यांचे अभ्यासक्रम शासनाच्या कौशल्य योजनांतून अनेकदा विनाशुल्क चालतात. त्यात रुग्णाला अंघोळ घालणे, कूस बदलणे, नळीवाटे अन्न देताना घ्यायची काळजी, नाडी-ताप-श्वसन यांची नोंद, व्हीलचेअरवर हलवणे, कचऱ्याचे वर्गीकरण असे काम शिकवतात. इंजेक्शन देणे आणि सलाईन लावणे या कामांचा अधिकार त्यातून मिळत नाही, आणि घरोघरी रुग्णसेवेला माणसे पुरवणाऱ्या ब्युरोने किंवा रुग्णाच्या घरच्यांनी गळ घातली तरी ते करू नये, कारण काही विपरीत घडले तर जबाबदारी करणाऱ्यावर येते. शहरांत घरी वृद्धांना सांभाळण्यासाठी बारा तासांच्या पाळीला माणसे सतत हवी असतात. ब्युरोत नाव नोंदवताना रोजाचा दर, त्यातून ब्युरोचे कमिशन, सुट्टीचा दिवस आणि जेवण-चहा कोणाकडे, या चार गोष्टी कागदावर घ्याव्यात. हे काम प्रतिष्ठेचे आहे, परंतु ते नर्सिंग नाही, आणि या दोहोंतील सीमा ज्याला स्पष्ट ठाऊक असते त्याची फसवणूक होत नाही.

दुसरे काम: संस्था पारखणे

संस्था निवडताना तीन कागद पाहावेत: भारतीय परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत त्या वर्षासाठी तिचे नाव, राज्याची मान्यता, म्हणजे एएनएम-जीएनएमसाठी महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची संलग्नता आणि बी.एस्सी.साठी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, आणि मंजूर जागांचा आकडा. मान्यता वर्षागणिक असते, त्यामुळे भिंतीवर लावलेले जुने प्रमाणपत्र पुरावा म्हणून धरू नये. संस्थेने दिलेली झेरॉक्सही पुरेशी नाही. यादी संकेतस्थळावर स्वतः उघडून पाहावी.

त्यानंतर रुग्णालय पाहायला जावे. नर्सिंगचे शिक्षण निम्म्याहून अधिक वॉर्डात होते. परिषदेच्या निकषांत एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असे प्रमाण धरलेले आहे. चाळीस विद्यार्थ्यांची तुकडी आणि रुग्णालयात पंधरा रुग्ण असे चित्र दिसले तर तेथे शिकण्यासारखे काही नाही. दुपारी भेटीच्या वेळी जावे, कारण तेव्हा वॉर्डात कोणी अडवत नाही, आणि भरलेल्या खाटा सरळ मोजाव्यात. प्रसूती कक्ष चालू आहे का, हे वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांशी दोन शब्द बोलले की कळते. संस्थेचे स्वतःचे रुग्णालय लहान असेल तर विद्यार्थ्यांना जिल्हा रुग्णालयात पाठवतात. ती बस कोणाची, किती वाजता निघते आणि तिचे पैसे फीमध्ये आहेत की वेगळे, हे विचारावे. घरी शाळकरी मुले असलेल्या बाईला सकाळी सातची ड्युटी पस्तीस किलोमीटरवर लागली तर अभ्यासक्रम सुटण्याचे कारण अभ्यास नसतो, बस असते.

कमी पैशांत शिकायचे तर पहिला अर्ज शासकीय जागांसाठीच करावा. जिल्हा रुग्णालयांशी जोडलेली परिचर्या प्रशिक्षण केंद्रे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची विद्यालये आणि मुंबईत महापालिकेच्या केईएम, नायर, शीव या रुग्णालयांची परिचर्या विद्यालये येथे फी खासगीच्या मानाने अगदी नाममात्र असते. जागा कमी आणि स्पर्धा गुणांची, हे खरे. बारावीला पन्नास टक्के असलेल्याला ती जागा मिळणे अवघड जाते. तरीही अर्जाचा खर्च किरकोळ असतो, म्हणून तो टाळू नये. एक प्रश्न मात्र आधी विचारून घ्यावा: वसतिगृहात राहण्याची सक्ती आहे का? अनेक शासकीय विद्यालयांत ती असते आणि विवाहितांना सूट मिळते की नाही, हे तेथील प्राचार्यांकडूनच कळते.

तिसरे काम: कागदपत्रांची बॅग

या वयात प्रवेश अडतो तो बहुधा नावावरून. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर माहेरचे नाव, आधार कार्डावर आणि बँक खात्यावर सासरचे. शिष्यवृत्तीच्या संगणक प्रणालीला ही दोन वेगळी माणसे वाटतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रात प्रसिद्ध झालेला नावबदल हे दोन कागद प्रवेशाच्या किमान तीन-चार महिने आधी तयार ठेवावेत. शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल तर शाळेतून दुय्यम प्रत आणि गुणपत्रिका हरवली असेल तर विभागीय मंडळातून दुय्यम प्रत मिळते. दोन्हींना वेळ लागतो. मध्ये गेलेल्या वर्षांसाठी खंडाचे प्रतिज्ञापत्र, ज्याला सगळीकडे गॅप सर्टिफिकेट म्हणतात, ते करून घ्यावे. अधिवास दाखला, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते हे तर हवेच.

आरक्षण आणि शिष्यवृत्ती यांत विवाहित स्त्रियांचा एक घोळ नेहमी होतो. जातीचे प्रमाणपत्र आणि जात वैधता माहेरच्या, म्हणजे वडिलांकडील पुराव्यांवर मिळते. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रही आई-वडिलांच्या स्थितीवर ठरते. पतीचे उत्पन्न त्यात धरत नाहीत. याउलट मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला देताना कमाई नसलेल्या विवाहित विद्यार्थिनीच्या बाबतीत पतीचे उत्पन्न धरले जाते. एकाच बाईसाठी एका कागदावर वडिलांचे आणि दुसऱ्यावर पतीचे उत्पन्न, हे पाहून सेतू केंद्रातील कर्मचारीही गोंधळतात. त्यामुळे कोणता दाखला कशासाठी हवा आहे हे चिठ्ठीवर लिहूनच तेथे जावे.

मूळ प्रमाणपत्रे जमा करताना पोच घ्यावी आणि त्याआधी प्रत्येकाच्या पाच-सहा साक्षांकित प्रती व मोबाइलमध्ये स्वच्छ स्कॅन ठेवावे. प्रवेश रद्द करण्याची वेळ आली तर हातात पोच असल्याशिवाय कागद परत मागणे कठीण होते.

चौथे काम: पैशाचा आराखडा

येथे थोडे थांबून बोलायला हवे, कारण घरोघरी चर्चा फीची होते आणि खरा खर्च दुसरीकडेच असतो. एक नमुना मांडतो. आकडे प्रत्येकाने आपले घालावेत. समजा, एखादी बाई दुकानातील काम आणि शिलाई मिळून महिन्याला ९,००० रुपये कमावते आणि वर्षाला ७०,००० रुपये फी असलेल्या खासगी जीएनएम विद्यालयात जाते. तीन वर्षांची फी २,१०,००० झाली. गणवेश, पुस्तके, जर्नल, परीक्षा शुल्क यांचे वर्षाला १५,००० धरले तर ४५,००० आणि महिना १,५०० रुपये प्रवासाचे ५४,०००. आणि बुडालेली कमाई? छत्तीस महिन्यांचे ३,२४,०००. एकूण ६,३३,००० रुपयांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम ही न मिळालेल्या पगाराची आहे. तीच बाई वर्षाला ५०,००० फीचे एएनएम करील तर दोन वर्षांची फी एक लाख, इतर खर्च ३०,०००, प्रवास ३६,००० आणि बुडालेली कमाई २,१६,००० मिळून ३,८२,००० होतात. शासकीय जीएनएमची फी अगदी वर्षाला ५,००० धरली तरी तिचा एकूण भार ४,३८,००० येतो, कारण कमाई तीन वर्षे थांबलेलीच असते.

यातून दोन गोष्टी ठरवता येतात. पहिली, प्रवेशापूर्वी जमवायची रक्कम फीवरून न ठरवता घरखर्चावरून ठरवावी. किमान सहा महिन्यांचा किराणा, भाडे आणि मुलांची फी वेगळ्या खात्यात असल्याशिवाय नोकरी सोडू नये. दुसरी, शिकताना काही कमाई चालू ठेवता आली तर ती फीमधील सवलतीइतकीच मोलाची ठरते. अर्थात सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या फिरत असल्याने ठरलेल्या वेळेची नोकरी जमत नाही. शिलाई, डबे किंवा शिकवणी अशी आपल्या हातातील कामेच जमतात. काही लहान नर्सिंग होम विद्यार्थिनींना रात्रीच्या ड्युटीसाठी बोलावतात. तो मोह टाळावा. नोंदणी नसताना तेथे नर्स म्हणून उभे राहणे धोक्याचे आहे, आणि रात्रभर जागून सकाळच्या वॉर्डात झोप अनावर होते ती वेगळीच.

फी कमी करण्याच्या मार्गांत महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरील योजना पहिल्या. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी वार्षिक अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे; इतर प्रवर्गांसाठी वेगवेगळ्या शिक्षण शुल्क योजना आहेत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते, मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घाईने घेतलेली जागा या सवलतीला मुकवते, म्हणून तीस-चाळीस हजार भरून 'सीट पक्की' करण्यापूर्वी फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात. प्रवेशाआधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडून महाडीबीटीवर त्या अभ्यासक्रमाचे नाव प्रत्यक्ष उघडून दाखवून घ्यावे. ही रक्कम खात्यात यायला वेळ लागतो, हेही आराखड्यात धरावे.

बी.एस्सी. नर्सिंगच्या खासगी महाविद्यालयांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण जाहीर करते. त्याहून अधिक मागितल्यास तो आकडा दाखवावा. देणगी मागणे १९८७ च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे. विकास निधी, क्लिनिकल फी, अनामत अशा नावांनी रक्कम फुगते, त्यामुळे संपूर्ण कालावधीची एकत्रित फी लेखी मागावी आणि प्रत्येक भरण्याची पावती घ्यावी.

कर्ज घ्यायचेच असेल तर शैक्षणिक कर्ज आधी पाहावे. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेत विद्यार्थ्याच्या वयाची मर्यादा नाही, चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही, आणि विवाहितांसाठी पती, पत्नी किंवा सासू-सासरे सहकर्जदार होऊ शकतात. साडेसात लाखांपर्यंत पत हमी निधीमुळे, म्हणजे बँकेला सरकारकडून मिळणाऱ्या हमीमुळे, तारण लागत नाही. परतफेड शिक्षण संपल्यावर साधारण एक वर्षाने सुरू होते. दोन लाख रुपये १० टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ३,३२० रुपये येतो. शिकतानाच महिन्याचे व्याज भरत राहिल्यास ते मुद्दलात मिसळत नाही. बचत गट, भिशी किंवा पतसंस्थेचे कर्ज गणवेश-पुस्तकांसारख्या तात्पुरत्या गरजेला चांगले, परंतु त्याचे हप्ते पुढच्याच महिन्यापासून सुरू होतात, म्हणून तीन वर्षांची फी त्यावर भागवू नये.

खरेदीत फार खर्च करण्याची गरज नाही. वर गेलेल्या तुकडीकडून पुस्तके निम्म्या किमतीत मिळतात. सेकंदकाट्याचे मनगटी घड्याळ मात्र नवे आणि खात्रीचे घ्यावे. वॉर्डात मोबाइल हाताशी नसतो आणि नाडी मोजायला तेच लागते. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिने असे असतात, म्हणून पहिला डोस प्रवेशाच्या आधीच घेणे बरे.

पाचवे काम: अभ्यासाची सवय परत लावणे

पंधरा वर्षांनी वही हातात घेतल्यावर भीती वाटते ती इंग्रजीची. शिक्षक मराठीत समजावतात, रुग्णाशी बोलणे मराठीतच असते, पण केस पेपर, औषधांची नावे आणि संक्षेप इंग्रजी असतात. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एसओएस म्हणजे गरज पडल्यास, एनबीएम म्हणजे तोंडाने काही द्यायचे नाही: असे साठ-सत्तर संक्षेप प्रवेशापूर्वी पाठ केले तर पहिला महिना सुसह्य होतो. घरातील औषधांच्या चिठ्ठ्या हा त्यासाठी फुकटचा सराव आहे.

दुसरी भीती गणिताची, आणि ती अनेकांना वॉर्डात उभे राहिल्यावर कळते. डॉक्टर लिहितात: ५०० मिली सलाईन आठ तासांत. संचाच्या पाकिटावर छापलेले असते की एका मिलीचे २० थेंब होतात. पाचशेला वीसने गुणले की १०,००० थेंब. आठ तासांची ४८० मिनिटे. भागाकार येतो २०.८, म्हणजे मिनिटाला सुमारे २१ थेंब. लहान मुलांसाठी वापरतात त्या मायक्रो संचात एका मिलीला ६० थेंब असतात आणि तोच हिशेब तिप्पट होतो. इन्सुलिनचे आणखी नाजूक आहे. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिटच्या बाटल्या सर्रास मिळतात आणि १०० युनिटचीही औषधे असतात. बाटली एका प्रमाणाची आणि सिरिंज दुसऱ्या प्रमाणाची घेतली तर डोस अडीचपट चुकतो. हे गुणाकार-भागाकार मुलांच्या सहावी-सातवीच्या पुस्तकातले आहेत. दररोज अर्धा तास त्यावर बसले तरी पुरते, आणि येथे संसाराचा हिशेब ठेवलेली माणसे अठरा वर्षांच्या मुलींपेक्षा पटकन तयार होतात, असे मला वाटते.

शरीराचाही विचार करावा. आठ तास उभे राहणे, रुग्ण उचलणे, रात्रपाळी हे सगळे तिशीनंतर अंगावर येते. पाठीचे किंवा गुडघ्याचे दुखणे असेल तर प्रवेशापूर्वी तपासून घ्यावे. उचलण्याची योग्य पद्धत पहिल्या वर्षात शिकवतात, ती मनापासून शिकावी. घरातील वाटणी आधी ठरवावी. प्रात्यक्षिकाचे चुकलेले तास भरून काढावेच लागतात, त्यामुळे सासूबाईंच्या आजारपणात किंवा मुलाच्या परीक्षेत घरी कोण थांबणार, याचे उत्तर प्रवेशाच्या वेळीच हवे.

उत्तीर्ण झाल्यावर

निकाल लागला की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणीचा अर्ज लगेच करावा. नोंदणी क्रमांक हाती येईपर्यंत चांगली रुग्णालये नेमणूक देत नाहीत. पहिल्या नोकरीच्या पगाराबाबत मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानंतर केंद्राच्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० रुपये वेतन असावे अशी शिफारस केली होती, पण लहान गावांत आजही त्याहून कमी देऊ करतात. अशा वेळी ही शिफारस तोंडपाठ असली तर बोलणी करताना आधार मिळतो. पहिले वर्ष शक्य तर मोठ्या रुग्णालयात, अतिदक्षता विभाग किंवा शस्त्रक्रियागृहात काढावे, कारण तेथील अनुभवावर पुढचा पगार ठरतो; वयाने मोठ्या नवख्या माणसाला इन्चार्ज सिस्टर वयाने लहान मिळणार, हे गृहीत धरून चालावे. मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाकडे ठेवून घेण्याची अट किंवा दोन-तीन वर्षांचा बाँड पुढे आला तर सही करण्यापूर्वी तो घरी नेऊन वाचावा.

जिल्हा परिषद, महापालिका आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी भरतीच्या जाहिराती नियमित पाहाव्यात. कंत्राटी पदांची वयोमर्यादा प्रत्येक जाहिरातीत वेगळी तपासावी. नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. रुग्णालयातच होणाऱ्या कार्यशाळांची प्रमाणपत्रे पहिल्या महिन्यापासून एका फायलीत ठेवली तर नूतनीकरणाच्या वेळी पैसे भरून कार्यशाळा शोधत फिरावे लागत नाही.